देवापुढे किडकं वांगं

ये, जवळ सरक. दारातूनच "बरी आहेस का आजी" विचारून पळणारी माणसं मला आवडत नाहीत, आणि तू तर पळण्यात पटाईत. बस. एस्तेरबाई तुला ठाऊक नाही, म्हणून सांगते.

आमच्या नांदुऱ्याच्या मंडळीत पिकांच्या सणाला प्रत्येक घर आपली पहिली तोडणी आणून वेदीपुढे ठेवतं. एस्तेरबाई त्या दिवशी सगळ्यांच्या आधी येऊन चर्चच्या दारात उभी राहायची आणि येईल त्याच्या टोपलीत हात घालायची. तिला तिथे कोणी नेमलं नव्हतं.

"काऊन हो पंचसाहेब," भर दारात म्हणायची, "व्याही आले त कोवळा दुधी, अन देवाले हा जून? बिया वाजून राह्यल्या आतमधी! अन हे वांगं त किडकं हाय."

पंचसाहेब, म्हणजे आमच्या मंडळीचे कारभारी, खोटं हसून पुढे सटकायचे.

भक्तीतही तेच. नुसते ओठ हलवणारे, गाता गाता घड्याळ बघणारे, हात वर करून डोळ्याच्या फटीतून आपल्याला कोण पाहतंय ते चाचपणारे. "हे देवापुढं नाही आले, फोटो काढाले आले," ती म्हणायची. स्वतः मात्र गळ्याच्या शिरा फुगवून गायची, पेटीला मागे टाकून. खोटं काय बोलायची? बाजारात दहा वांगी दाबून बघणारी ही माणसं, प्रार्थनेत जांभया देतात!

मग तिला लकवा मारला. उजवं अंग गेलं, तोंड वाकडं झालं. सण आला, तर ही बाजेवरून उठेना.

"चाल वं, रिक्षा आली," मी म्हटलं.

"मी नाही येत. अर्धं आंग मेलं. हे किडकं देवापुढं नेऊ?"

मला असा संताप आला! "वा वं वा! जन्मभर लोकायच्या टोपल्या तपासल्या, आता देवाच्या वतीनं सोताले नापास करून राह्यली? त्यानं काय घ्यावं, हे तू ठरवशील? लय मोठी लागून गेली!"

ती भिंतीकडे तोंड करून पडली. तशीच म्हणाली, "माह्या हातात द्याले काहीच नाही न वं."

"मंग तूच चाल."

खुर्चीसकट तिला आत नेलं. गर्दी होती, म्हणून वेदीपुढेच ठेवली, भोपळे आणि कापसाच्या मधे. गाणं सुरू झालं. लाळ गळत होती, एक शब्द धड निघत नव्हता, डावा हात तेवढा वर. पंचसाहेबांनी तिच्या पायाशीच आपला जून दुधी आणून ठेवला. तिनं खाली पाहिलंसुद्धा नाही. डोळे मिटून गात राहिली.

आजही ती दर रविवारी अशीच गाते, आणि आमचे पंचसाहेब अजून घड्याळच बघतात. त्यांचं सोड. तुझ्या जळगाव जामोदहून इकडे बस मिळते. येत्या रविवारी ये, तिच्या शेजारी बस, आणि जेवल्याशिवाय जाऊ नकोस.