टपावरून घेतलेली हवा

चंद्राक्का गेली, हे मला मुरुगेसनने फोनवर सांगितलं. मुरुगेसन म्हणजे कुंभकोणममधला तिचा मेकॅनिक. तमिळमधून तो एवढंच म्हणाला, "डॉक्टरम्मा पहाटे झोपेतच गेल्या, तंबी. तुम्ही या." तंबी म्हणजे धाकटा भाऊ, तो मला तसंच म्हणतो. मी पुण्यात, ऑफिसच्या जिन्यात उभा होतो. या गोष्टीला आता महिना उलटून गेला आहे. तिच्याविषयी लिहायला बसलो, की मला तिची गाडीच आधी दिसते.

अक्का माझी मोठी चुलत बहीण. आमची माणसं मराठ्यांच्या राज्याबरोबर तंजावरकडे गेली आणि तिथलीच झाली. घरात जुन्या वळणाची मराठी आणि उंबऱ्याबाहेर तमिळ, असंच आम्ही वाढलो. अक्का गुरांची डॉक्टर होती. सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर तिने एक जुनी डिझेल पिकअप घेतली. मागे औषधांची पेटी, दोरखंड आणि पडलेलं जनावर उचलायचा रुंद पट्टा टाकून ती पापनाशम्, तिरुक्करुगावूरच्या बाजूच्या गावांमध्ये स्वतः गाडी चालवत जायची. साडी खोचलेली, पायात गमबूट. लोकांना याचं नवल वाटायचं नाही. मलाच वाटायचं.

भाताची कापणी सुरू झाली, की आमच्याकडे शिवारात मोठाली यंत्रं फिरतात आणि कोंड्याची, पेंढ्याची बारीक धूळ रस्त्यांवर तरंगत राहते. अशाच दिवसांत सेल्वीच्या घरून बोलावणं आलं. सेल्वी एकटी राहणारी बाई, एका गाईच्या दुधावर तिचं घर चालायचं. त्या गाईचं पोट फुगलं होतं. अक्का निघाली, पण वाटेत गाडीची ओढच गेली. मागून काळा धूर येऊ लागला आणि एका साध्या चढावर गाडी उभी राहिली. हवा गाळणारा फिल्टर धुळीने गच्च भरला होता. अक्का पेटी खांद्याला लावून चालत गेली, पण पोचेपर्यंत गाय गेली होती. सेल्वी तिला एका शब्दाने बोलली नाही. अक्का गाईच्या मानेवर हात ठेवून तिथेच बसून राहिली, असं मुरुगेसनने मला नंतर सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती गाडी घेऊन त्याच्या गॅरेजमध्ये हजर झाली. नेमका मी सुट्टीवर गेलेला, म्हणून पुढचं सगळं मला पाहायला मिळालं. बाजारात धुऊन वापरायचा एक नवा फिल्टर आला होता. दुकानदार म्हणाला, यातून भरपूर हवा जाते. तो बसवला आणि गाडी खरोखरच हलकी धावू लागली. मुरुगेसन खूश झाला. अक्काने मात्र आठवडाभर गाडी फिरवली, मग फिल्टरच्या पलीकडचा, इंजिनकडे जाणारा पाइप उघडायला लावला आणि आपल्या पेटीतला पांढरा कापूस आतून फिरवला. बोळा करडा होऊन बाहेर आला.

"हवा भोत येते डा," ती मला म्हणाली, "पण तिच्यासंगे अस्का कोंडाही आत जातो."

अस्का म्हणजे आमच्याकडे सगळा, आणि डा म्हणजे रे. तो फिल्टर तिने काढून टाकला. मग तिने आणि मुरुगेसनने भंगारातल्या एका ट्रॅक्टरचा मोठा फिल्टर-डबा शोधून आणला. त्यात कागदी फिल्टर नवा घातला आणि डबा केबिनच्या पाठीमागे बसवला. हवा घ्यायचा पाइप टपाच्याही वर नेला, कारण धूळ चाकांजवळ दाट असते आणि वर विरळ. पाइपच्या तोंडावर एक वाडगा बसवला, हवा त्यात गरगर फिरते आणि जड धूळ तिथेच खाली पडते. एवढं करूनही कापूस करडाच आला. रबरी सांध्यातून धूळ आत शिरत होती. मुरुगेसनने सांधा पुन्हा केला, मग पुन्हा केला, शेवटी वैतागला. "डॉक्टरम्मा, ही गाडी आहे, माणूस नाही!"

"म्हणूनच," अक्का म्हणाली. "माणूस खोकून तरी सांगतो."

कापूस पांढरा निघाला तेव्हाच ती जेवायला उठली. सत्तरीकडे झुकलेली बाई, कोपरापर्यंत काळी झालेली... मी नुसता बघत राहिलो.

त्याच वर्षी ऐप्पसीच्या, म्हणजे आश्विन-कार्तिकातल्या, पावसात सेल्वीच्या गावाजवळ कालव्याचा बांध फुटला. मी तेव्हा दिवाळीसाठी घरी होतो. सेल्वीचा फोन आला. तिने नवी गाय घेतली होती, ती वीत होती आणि वासरू अडलं होतं. आम्ही पोचलो तर रस्ता पाण्याखाली, आणि मध्ये एक व्हॅन बंद पडलेली. तिच्या इंजिनात पाणी शिरलं होतं. मुरुगेसन बरोबर होता. पंख्याने इंजिनवर पाणी उडवू नये म्हणून त्याने पंख्याचा पट्टा काढला. "वरच्या तोंडाला पाणी लागत नाही तोवर इंजिन चालेल," तो म्हणाला. "पण मध्ये थांबू नका."

अक्काने गाडी पाण्यात घातली. मी म्हणालो, "अक्का, परत फिरूया." ती म्हणाली, "भिऊ नको डा. दोहींकडची नारळाची झाडं पाहा, मधे रस्ता आहे." पाणी दिव्यांवर आलं, बॉनेटच्या काठाला लागलं, आमच्या पायांशी आलं. तिने ना वेग वाढवला, ना कमी केला. आणि त्या सगळ्या पाण्यात माझ्या डोक्यावर, टपापाशी, हवा आत ओढली जात असल्याचा एकसारखा आवाज येत होता. त्या आवाजाइतकं अद्भुत मी आजवर काही ऐकलेलं नाही.

गोठ्यात गुडघाभर चिखल होता. अक्काने खांद्यापर्यंत हात घालून वासराचा मुडपलेला पाय सरळ केला आणि आम्ही तिघांनी दोर ओढला. वासरू बाहेर आलं ते निपचित. अक्काने त्याचं नाक पुसलं, गवताची काडी नाकपुडीत फिरवली, छाती चोळत राहिली... आणि ते शिंकलं. सेल्वी रडू लागली. अक्का चिखलातच बसून हसत होती.

"पाइप एवढा वर नेलास तो पाण्याचा विचार करूनच ना?" मी विचारलं.

"नाही रे," ती म्हणाली. "मला धुळीचीच चिंता होती. पाणी आपणच आलं."

तिचं तेरावं झाल्यावर मी तिच्या घरी राहिलो. संध्याकाळी दार लावायला गेलो तर आतून कडीच नव्हती. कडीच्या जागी नुसती बुजवलेली भोकं. मुरुगेसन म्हणाला, "त्यांनीच काढायला लावली. जनावर घेऊन आलेल्याने दार वाजवत उभं राहू नये म्हणून. आता नवी बसवू का?" मी म्हणालो, उद्या बघू.

सकाळी उठलो तर बाहेरच्या खोलीत एक म्हातारा शेळी मांडीवर घेऊन बाकावर बसलेला. दार ढकलून आपणच आत आला होता. त्याला काहीच कळलेलं नव्हतं. मी शेजारी बसून सांगितलं. तो शेळीच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. मग मुरुगेसन त्याला पापनाशम्‌च्या दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरांकडे घेऊन निघाला. बाहेर पडताना म्हाताऱ्याने वळून दार हलकेच लोटून घेतलं. ते अजून तसंच आहे, बिनकडीचं.