डोरीनचा बुधवारचा आवाज

माझी बायको डोरीन नगरपालिकेत तक्रारींच्या खिडकीवर बसते. मॅनिटोबा प्रांतातलं आमचं गाव जेमतेम बाराशे वस्तीचं, पण तक्रारी एखाद्या शहराला पुरून उरतील एवढ्या. नळ गोठला, बर्फ काढणाऱ्या गाडीनं सगळा ढीग माझ्याच फाटकाशी लोटला, शेजाऱ्याचं कुत्रं माझ्या पायरीवर बसतं. डोरीन बत्तीस वर्षं सगळ्यांशी गोड बोलत आली आहे. घरी माझ्याशीही बरी वागते. ही बाई राग ठेवते तरी कुठं, असं कुणी विचारलं की मी म्हणायचो, बुधवारी संध्याकाळी कर्लिंगला या.

कर्लिंगमध्ये बर्फाच्या लांब पट्टीवरून वीस किलोचा दगड पलीकडच्या वर्तुळात सरकवतात. त्याच्यापुढं दोघांनी झाडूनं बर्फ घासत पळायचं, म्हणजे दगड लांब जातो. कधी घासायचं ते कप्तान पलीकडच्या टोकाहून ओरडून सांगतो. आमची कप्तान डोरीन. घासणारे मी आणि टपालखात्यातला ऑरेस्ट. "घासा, मेल्यांनो, जोरात" असं ती ओरडली की वर कॉफी पीत बसलेले लोक कप घट्ट धरायचे. दोन तासांनी तिचा घसा बसायचा आणि चेहरा इतका निवांत व्हायचा, की मला तिला पुन्हा मागणी घालावीशी वाटायची.

नोव्हेंबरअखेर पालिकेनं कर्मचाऱ्यांसाठी मनःशांतीचा वर्ग ठेवला. शिकवायला विनिपेगहून ब्रिएल नावाची एक पोरगी यायची. तिनं पहिल्याच दिवशी विचारलं, "आठवड्यात तुमचा तोल कुठं जातो?" बाकीचे सराईत, कुठंच नाही म्हणाले. डोरीन म्हणाली, "बुधवारी, बर्फावर." आम्हा कर्लिंगवाल्यांना ही खोडच आहे. चालत्या दगडाला चुकून झाडू लागला, तर कुणी पाहिलेलं नसलं तरी आपणच हात वर करून कबूल करायचं. त्या खोडीनं तिचा घात केला. तिनं वर्गात सगळ्यांसमोर शब्द दिला, आता ओरडणार नाही, नुसता हात वर करीन.

खाली बघत घासताना तो हात दिसायचा नाही, आम्ही ओळीनं चार बुधवार हरलो. हरण्याचं मला काही नाही, मला त्याची सवय आहे. पण घरी राहणं कठीण झालं.

"वॉल्टर, तू मोजे सोफ्यावर टाकलेस. मला ते दिसतंय. मी त्यावर काही मत बनवत नाहीये."

मी मुकाट्यानं मोजे उचलले.

"आता तू घाबरून उचललेस. तेही मला दिसतंय."

"अगं, त्यापेक्षा दोन शिव्या घाल ना."

"मी श्वास घेतेय, वॉल्टर."

श्वास मीही घेत होतो, पण कुणाला सांगत नव्हतो.

आमची मुलगी लॅरिसा ब्रँडनला असते. तिचं पहिलं बाळंतपण जानेवारीत होतं आणि डोरीनचा सगळा जीव त्यात अडकला होता. तिची बॅग दोन महिन्यांपासून भरून दाराशी होती. अशात एका संध्याकाळी लॅरिसानं फोनवर सांगितलं, की दवाखान्यात मंद दिवे आणि हळुवार संगीत लावणार आहेत. झालं. चार आठवडे साठलेलं सगळं त्या फोनवर सांडलं. "बाळंत होणारेस का मालिश करून घेणारेस?" इथून सुरुवात झाली आणि जावयाच्या दाढीपर्यंत गाडी गेली.

लॅरिसानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आई, तू येऊ नकोस. त्या दिवशी मला तिथं वादळ नकोय."

डोरीननं फोन ठेवला आणि पेरोगीच्या, म्हणजे बटाटा भरलेल्या उकडीच्या करंज्यांच्या, पिठात हात तसेच ठेवून रडली. बॅग तिनं दाराशीच राहू दिली, फक्त तिच्याकडं बघणं सोडलं. मला फार वाईट वाटलं, आणि त्या ब्रिएलचा श्वासासकट राग आला.

पुढच्या बुधवारी शेवटचा दगड निघाला. पलीकडं डोरीननं हात वर केला. मी आणि ऑरेस्ट झाडू खांद्यावर टाकून दगडाबरोबर चालत राहिलो, जणू त्याला घरी सोडायला निघालोय. तिनं दुसरा हात वर केला. मग कुजबुजली, "घासा."

"काय म्हणालीस?" मी विचारलं. दगडाची चाल मंदावली.

"घासा, मेल्यांनो, जोरात. वॉल्टर, तुझे मोजे, तुझा जावई, तुझं ते कुत्रं, जोरात, अजून जोरात."

आम्ही जिवाच्या आकांतानं घासलं. आमच्याकडं कुत्रं नाही, ते खिडकीवरचं असणार. दगड तरीही वर्तुळाच्या हातभर अलीकडंच थांबला आणि आम्ही पाचव्यांदा हरलो. मग मी हात वर करून कबूल केलं, "तुझा हात दिसला होता." ऑरेस्टनंही हात वर केला. डोरीन आमच्याकडं बघत राहिली आणि बसलेल्या घशानं म्हणाली, "गाढवं कुठली." पाच आठवड्यांत ती पहिल्यांदा हसली.

घरी येऊन तिनं लॅरिसाला फोन लावला. "चुकलं माझं. तो राग तुझ्यावरचा नव्हता गं, खिडकीवरचा होता. मी तो दर बुधवारी टाकून येते, या वेळी टाकायला जागा नव्हती." लॅरिसा नुसती "बरं" म्हणाली. ये म्हणाली नाही. डोरीननंही विचारलं नाही.

दहा दिवसांनी, शनिवारी दुपारी, जावई कोडीचा फोन आला. मागं हळुवार संगीत चालू होतं. "लॅरिसा फार दमलीय. नर्स हळू श्वास घ्या म्हणते, तर तिनं नर्सलाच गप्प बसवलंय. म्हणते आईला फोन लाव."

मग लॅरिसाचा आवाज आला. "आई, मला नाही जमत. ओरड."

"काय ओरडू गं?"

"बुधवारचं."

डोरीन खुर्चीवरून उठली, पाय फाकवून बर्फावर उभी राहते तशी उभी राहिली. "जोर, लॅरिसा, जोरात. सोडू नको. आलं, आलं, अजून जोरात, मेले." शेजारची म्हातारी काय झालं बघायला फावडं घेऊन आमच्या पायरीपर्यंत आली. मीही सवयीनं झाडू हातात घेऊन उभा होतो. अर्ध्या तासानं फोनमधून बाळाचं रडणं ऐकू आलं. तो आवाज कुणावर गेलाय हे सांगायला नको.

"आई," लॅरिसा म्हणाली, "बॅग भरलेली आहे ना अजून?"

डोरीनचा घसा पार बसला होता, तिला बोलताच येईना. मग मीच सांगितलं, "दाराशीच आहे."