जुन्या मॉडेलची बॅटरी

बंगळूरला शिवाजीनगरच्या बस स्टँडमागे अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, दुकान होतं. दुकान म्हणजे एका इमारतीच्या जिन्याखालची चिंचोळी जागा. पुढे काचेचं काउंटर, त्यामागे अण्णांचं स्टूल, आणि त्यांच्या पाठीमागे, भिंतीला टेकून, माझं. मला बाहेर पडायचं तर आधी अण्णांनी उठायचं, स्टूल कडेला घ्यायचं आणि काउंटरची फळी वर करायची. चहाला जायचं असो की नुसतं पाय मोकळे करायचे असोत, दर वेळी "अण्णा, जरा उठता का" म्हणावं लागे. बीएस्सीचा निकाल लागेपर्यंत बस, असं सांगून त्यांनी मला तिथे बसवलं होतं. निकाल लागून दोन वर्षं झाली तरी मी बसलेलीच होते.

अण्णा बॅटऱ्या दुरुस्त करत. म्हणजे टॉर्च. आमच्या घरात टॉर्चला बॅटरी म्हणत आणि आत घालतात त्याला सेल. नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं होती. बंगळूरमध्ये दिवसाआड वीज जायची आणि प्रत्येकाच्या घरात एक तरी बॅटरी असायचीच. वॉचमन, थिएटरात अंधारात खुर्ची दाखवणारे, इस्पितळातल्या नर्सा, सगळे आमच्याकडे यायचे. आई मी शाळेत असतानाच गेली होती, त्यामुळे घरी आम्ही दोघं आणि दुकानातही आम्ही दोघंच.

अण्णांचा जीव जुन्या मॉडेलवर होता. तळहातात मावेल एवढी, दोन लहान सेलांची बॅटरी. पितळी अंग, वर निकेलचा मुलामा, पुढेमागे सरकणारा खटका. डोकं फिरवलं की झोत बारीक व्हायचा, उलटं फिरवलं की पसरायचा. बुडाच्या झाकणात, स्प्रिंगखाली, कापसात गुंडाळून एक जादा बल्ब ठेवलेला असे. नंतर त्याच बॅटरीचं नवं मॉडेल आलं. प्लास्टिकचं अंग, रबरी बटण, आणि काच अशी चिकटवलेली की बल्ब गेला तर सगळीच फेकून द्या. अण्णा नव्या मॉडेलला हातसुद्धा लावत नसत. कुणी दुरुस्तीला आणलं तर म्हणत, "ही उघडत नाही हो. उघडत नाही ती दुरुस्त कशी करणार?"

मी वैतागायचे. बाजारात नवं मॉडेल ढिगानं यायचं, आमच्या शेजारचा दुकानदार विकून मोकळा व्हायचा, आणि आम्ही आपले जुन्याचे आटे साफ करत, गंज घासत बसलेलो. "जुनं ते सोनं" असं अण्णा म्हणाले की मी म्हणायचे, "मग सराफकट्ट्यात बसा." पालथ्या घड्यावर पाणी. ते हसायचे आणि पुढची बॅटरी उघडायचे.

खरं सांगायचं तर जुनी बॅटरी मलाही आवडायची, पण हे मी त्यांच्यासमोर कधी कबूल केलं नाही. हातात घेतली की वजन कळायचं. खटका अंगठ्याखाली गुळगुळीत झालेला असायचा, ज्याची बॅटरी त्याच्या अंगठ्यासारखा. उजेड पिवळा, मधे एक गडद कडं. होसकोट्याहून बस पकडून माणसं यायची आणि काउंटरवर वाकून हळूच विचारायची, "जुनं मॉडेल आहे का हो?" असल्या गिऱ्हाइकाला अण्णा चहा पाजायचे.

दुरुस्त झालेली बॅटरी तपासायची त्यांची एक खास तऱ्हा होती. डोकं काढायचं, खटका सरकवायचा आणि उघडा बल्ब क्षणभर खालच्या ओठाला लावायचा. ऊब लागली की मान हलवायची. "सरी." म्हणजे कानडीत, ठीक आहे. मग डोकं बसवून गिऱ्हाइकाच्या हातात. गिऱ्हाइकांना याचं मोठं कौतुक. सोनार जसा सोनं कसाला लावून बघतो तसे अण्णा बल्ब ओठाला लावतात, असं एक म्हाताऱ्या नर्सबाई सगळ्यांना सांगत सुटल्या होत्या. मला मात्र तो निव्वळ नाटकीपणा वाटायचा. डोळ्यांनी दिसतंय की पेटलाय ते, हातच्या कांकणाला आरसा कशाला?

अशात मला धारवाडहून पत्र आलं. एका कॉलेजच्या फिजिक्सच्या प्रयोगशाळेत सहायकाची जागा. पुढच्या महिन्याच्या एक तारखेला हजर व्हा, येणार की नाही ते लगेच कळवा. मी दुकानातच फोडलं. अण्णा म्हणाले, "वाच." वाचलं. "परत वाच." परत वाचलं. तिसऱ्यांदा वाच म्हणाले तेव्हा मी हसत पत्र त्यांच्या हातात दिलं, तर त्यांनी ते न बघताच घडी घालून खिशात ठेवलं आणि इमारतीतल्या सगळ्या दुकानांत म्हैसूर पाक वाटून आले. मला वाटलं, आनंदानं काही सुचत नाहीये.

त्यानंतरच्या आठवड्यात मी जिन्याखालच्या भिंतीवरचे पोपडे मोजले नाहीत. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिथे बसून मला गुदमरल्यासारखं होत नव्हतं. कारण आता तिथून सुटायची तारीख ठरली होती.

मग एका दुपारी एक तरुण आला. त्याच्या भावानं सिंगापूरहून किल्ल्यांच्या जुडग्याला लावायची एक इवलीशी बॅटरी पाठवली होती. तिचे बटणासारखे चपटे सेल संपले होते आणि ते घालून द्यायला कुणी तयार नव्हतं. अण्णा म्हणाले, "स्वल्प थांबा." त्यांनी ती चाचपली, नखानं झाकण उचकटलं, माझ्याकडून नवे सेल घेऊन बसवले, झाकण लावलं आणि कळ दाबली. दिवसाउजेडीही दिसेल असा निळसर पांढरा ठिपका पेटला. अण्णांनी तो ओठाला लावला. थांबले. पुन्हा लावला, वरच्या ओठाला. त्यांच्या मिश्या निळ्या उजळल्या होत्या.

"सेल चांगले आहेत," ते म्हणाले, "पण बल्ब गेलाय याचा."

तो तरुण खो खो हसला. मीही हसले. अण्णांना गिऱ्हाइकांची थट्टा करायची सवय होतीच. पण अण्णा हसले नाहीत. हनुवटीवर उजेड घेऊन ते तसेच बसले होते आणि बोटानं तो ठिपका दाबून दाबून बघत होते. गिऱ्हाइकासमोर त्यांची फजिती नको म्हणून मी पटकन माझं फिजिक्स पाजळलं. "अण्णा, हा साधा बल्ब नाही. याला एलईडी म्हणतात. यात तार नसते. हा पेटला तरी तापत नाही."

तापत नाही, हे माझ्या तोंडून निघालं आणि मला समजलं.

तो मुलगा "थँक्स" म्हणून निघून गेला. मी अण्णांच्या पाठीकडे बघत होते. दोन वर्षं मी तीच पाठ बघत होते, चेहरा फारसा नाहीच. न उघडणाऱ्या बॅटऱ्या, पुन्हा पुन्हा वाचायला लावलेलं पत्र, "तो डबा दे गं", "हा नंबर काय आहे बघ". ताकास तूर लागू दिली नव्हती माणसानं. आणि मी, प्रकाशाच्या पेपरात वर्गात पहिली आलेली, त्यांच्यापासून हातभर अंतरावर बसून त्यांना नाटकी म्हणत होते. मला रडू यायला हवं होतं. आला तो संताप. फळी उचलून पळत सुटावं असं वाटलं, पण त्यासाठीही त्यांनाच उठवायला लागणार होतं.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून मी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. काचबिंदू. उजवा डोळा पूर्ण गेलेला, डाव्यात धूसर काहीतरी उरलेलं. गेलं ते परत येणार नाही, उरलंय ते टिकवायला थेंब घाला, असं डॉक्टर म्हणाले, आणि इतके दिवस काय करत होतात म्हणून अण्णांना नव्हे तर मला रागावले.

बाहेर बाकावर बसल्यावर मी विचारलं, "कधीपासून?"

"झाली की तीन-चार वर्षं."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

अण्णा चष्मा पुसत होते. कशासाठी पुसत होते देव जाणे. म्हणाले, "निकालापर्यंत बस म्हटलं, तेव्हा खरंच तेवढंच वाटलं होतं. मग तू नोकरी शोधायला लागलीस. सांगितलं असतं तर शोधायची थांबली असतीस. मला वाटलं, तू जाईपर्यंत पुरतील डोळे."

मी म्हटलं, मी जात नाही. आयुष्यात पहिल्यांदाच अण्णा माझ्यावर ओरडले. भर रस्त्यात. "तुला त्या जिन्याखाली पुरलं तर तुझ्या आईला काय सांगू मी? मी होसकोट्याला तुझ्या मामाकडे जाऊन राहीन. दुकान देऊन टाकीन. तू जायचंस." मामाच्या दोन खोल्यांत सहा माणसं राहत होती आणि मामींना पाहुणा दोन दिवसांपलीकडे खपायचा नाही. हे अण्णांना माहीत होतं. मलाही होतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. त्या दोन रात्री मी अंथरुणावर पडून त्यांचा राग राग केला, हे लिहायला लाज वाटते पण ते खरं आहे. त्यांनी माझ्याकडे काही मागितलं असतं तर मी भांडून, पाय आपटून निघून गेले असते. ते काहीच मागत नव्हते. आता कशाशी भांडायचं?

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला टेबलापाशी बसवलं. "कॉलेजला उत्तर लिही. आत्ता. माझ्यासमोर."

मी कागद घेतला. ते शेजारी उभे होते, एक हात माझ्या खुर्चीच्या पाठीवर. मी इंग्रजीत चार ओळी लिहिल्या. पेनाचा आवाज थांबल्यावर ते म्हणाले, "काय लिहिलंस ते मराठीत सांग."

कागदावर लिहिलं होतं की घरच्या अडचणीमुळे मला ही जागा स्वीकारता येत नाही, क्षमस्व.

मी त्यावर नजर ठेवून वाचलं, "आपलं पत्र मिळालं. मी आभारी आहे. एक तारखेला सकाळी दहा वाजता हजर होईन."

"सरी," अण्णा म्हणाले. त्यांचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. त्यांच्या न दिसण्याचा फायदा त्या दिवसापर्यंत एकाही गिऱ्हाइकानं घेतला नव्हता. पहिला मी घेतला. एक तारीख उजाडल्यावर काय सांगायचं ते मी ठरवलेलं नव्हतं.

पाकीट त्यांनी माझ्या हातातून काढून घेतलं. पोस्टात मीच टाकणार म्हणाले. कोपऱ्यावरच्या लाल पेटीपर्यंत मी त्यांच्यामागून चालत गेले. त्यांनी पेटीच्या लोखंडावरून हात फिरवला, फट सापडली, पाकीट आत ढकललं, आणि ते तळाशी पडल्याचा आवाज येईपर्यंत कान देऊन उभे राहिले. मग वळले, माझा खांदा शोधला, थोपटला.

"किती दिवस राहिले गं आता?"

"नऊ," मी म्हटलं.