मिशरी आणि कणकण

माझी आई उल्हासनगरच्या कारखान्यांतून जीन्सचे गठ्ठे घरी आणून त्यांचे धागे कापायची. कात्री बोटाला लागली की वर मिशरी दाबायची आणि पुन्हा कामाला बसायची. कामाला सुट्टी म्हणजे चुलीलाही सुट्टी.

एकदा बोट काळंनिळं सुजलं, ताप चढला. शिरगावचे काका आले, दुरूनच बघून म्हणाले, "कणकण आहे नुसती. काढा द्या."

कणकण म्हटलं की आमच्या घरात विषय संपायचा. संध्याकाळी आईला धाप लागली, हातपाय गार पडले, आणि मलाच ती विचारू लागली, "तू कोणाची गं?"

मी रिक्षा बोलावली. काका दारात आडवे. "बीए झालीस म्हणून डॉक्टर झालीस काय गं?"

"तुम्ही सातवी नापास होऊन झालातच की, काका. सरका."

हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हा सेप्सिस. जखमेतल्या जंतूंशी लढताना शरीर स्वतःचेच अवयव बिघडवतं. वेळेत आणलंत.

आईच्या बोटाचं एक पेर गेलं, आई वाचली. आता आमच्या घरी जखम साबण-पाण्याने धुतात आणि मिशरी फक्त काकांच्या दातांना लागते.