चर्चच्या खिडकीतली मासळी

"उन्हाला विचारूया," असं म्हणत शेजारच्या बाई कुठलीही काच डोळ्यासमोर धरायच्या. माझ्या घरी सरबताचा ग्लास हातात दिला, तरी आधी त्याच्या आरपार बघायच्या, मग प्यायच्या.

बोरीवलीच्या आमच्या सोसायटीत त्यांना सगळे काचबाई म्हणत. मूळच्या मालवणच्या, कोळ्याची लेक. घराच्या एका खोलीत संसार, दुसरीत रंगीत काचा आणि त्या जोडायच्या शिशाच्या पट्ट्या.

जवळच्या चर्चने त्यांना नवी खिडकी करायला सांगितली. येशूच्या शब्दावर कोळ्यांची जाळी माशांनी भरतात, तो प्रसंग. बाई कित्येक महिने त्यात बुडून गेल्या. खिडकी तयार झाल्यावर चर्चच्या कमिटीची माणसं घरी बघायला आली, आणि एकमेकांकडे बघू लागली. त्या कोळ्यांतला संत पीटर सावळा, कमरेला कोळ्याचा रुमाल. होडी आमच्या जवळच्या गोराईच्या खाडीतली. जाळ्यात पापलेट, सुरमई आणि बोंबील.

"संत असे दिसतात का हो?" कमिटीचे प्रमुख म्हणाले. "निदान कपडे तरी बदला."

"जाळं ओढणारा माणूस झगा घालून ओढेल?"

"लोक हसतील, बाई."

"हसले तर मीच उतरवून नेईन. पण एक रविवार लावा. उन्हाला विचारूया ना!"

ते गेल्यावर मी चहा ठेवला. बाईंनी बशी तशीच खाली ठेवली. "अगं, एवढं मोठं काम मला आजवर कुणी दिलं नव्हतं. वाट लागली तर?"

त्या रविवारी मीही गेले. ऊन वर आलं आणि समुद्राचा निळा रंग बाकांवर, पांढऱ्या शर्टांवर, माणसांच्या केसांवर सांडला. कुणी हसलं नाही. मग पुढच्या बाकावरून लुगड्यातली एक म्हातारी उठली. गोराईची, जन्मभर मासळी विकलेली.

"अगो बाय," ती मोठ्यानं म्हणाली, "हा त माझा बापूस!"

आणि रडायलाच लागली. तिला बघून आणखी चार जण उठले, कुणीतरी टाळी वाजवली आणि मग सगळं चर्च टाळ्या वाजवत उभं राहिलं. कमिटीचे प्रमुख गर्दीतून वाट काढत बाईंकडे आले. "बाजूची खिडकीसुद्धा तुम्हीच करायची."

"करते की," बाई डोळे पुसत म्हणाल्या, "पण कपडे मी ठरवणार!"

तीही खिडकी झाली. आता बाई गोव्यात एका नव्या चर्चच्या सगळ्याच खिडक्या करताहेत. घराला कुलूप आहे. आठवण आली की मी चर्चमध्ये जाऊन बसते. गोराईची म्हातारी तिथे असतेच. शेजारी कुणी नवं बसलं, की ती बोट वर करून ऐटीत सांगते,

"तो माझा बापूस. इथं त्याला पीटर म्हणतात."