हाकेला ओ

वडिलांची घोंगडी उन्हात टाकली, की तिच्या वासानं लेकीचं परदेशातलं घर आठवतं. ते घर शोधताना तिला सातवा महिना होता, जावई दिवसभर कामावर. राहायला दोन उपनगरांतून एक निवडायचं होतं. मी येरमाळ्यात बसून भाडं, स्टेशन, दवाखाना असा तक्ता केला. पहिलं सरस ठरलं. जन्मभर मेंढरं राखलेले माझे वडील फोनवर तिला म्हणाले, "बाय, हाक मारली तर ओ कोन देईल तिथं?" "आजोबा, इथं हाका न्हाय मारत कुणी!" "मग पाणी मागून बघ. परक्या गावात रातीला मेंढरं बसवायच्या आधी आमी तेच करायचो." ती दोन्हीकडं गेली. पहिल्या उपनगरातल्या गल्लीत कुणी दार उघडलं नाही. दुसऱ्या गल्लीत एका म्हातारीनं पाण्याबरोबर खुर्चीही दिली. स्टेशन वीस मिनिटं लांब, तरी तिनं तिथंच घर घेतलं. आता वडील नाहीत. माझी नात शेजारच्या त्याच म्हातारीला हाक मारते, लगेच ओ येते. फोनवर मला दोन्ही ऐकू येतं.