टिकल्यांची वही

आल्या आल्या तो आधी कीबोर्ड उलटा करायचा. खाली पासवर्डची चिठ्ठी चिकटवलेली सापडली की माझ्याकडे पाहून म्हणायचा, "काकू, किल्ली कुलपालाच बांधून ठेवून राहिले तुमी लोकं!"

नाव नाही सांगत. गोंदियात आम्ही सगळे त्याला कम्प्युटरवाला भाऊच म्हणायचो. मी राइस मिलच्या फाटकावर ट्रकचे गेटपास लिहायची. आमची मिल, शेजारची मिल, पोह्याची मिल आणि लाखेचा कारखाना, अशा चार ठिकाणचे कम्प्युटर तो सांभाळायचा.

त्याच्या वहीत प्रत्येक कारखान्याचं एक पान. धोका कमी तर हिरवी टिकली, मधला तर पिवळी, जास्त तर लाल; खाली त्यावरचा उपाय. कपाळाला लावायच्या टिकल्या हो, बाजारातून पाकीटच आणायचा! मी चिडवायची, "भाऊ, घरी माहीत हाये ना, कोनासाठी नेऊन राहिले ते?"

आमच्या सेठला चिंता एकच. "भई, बगलवाले से तो हम ठीक हैं ना?"

"सेठजी, चोर बगलवाले को पूछ के नहीं आता."

मग एका हंगामात वजनकाट्याच्या कम्प्युटरमधल्या फायली गायब व्हायला लागल्या. आधी आमच्याकडे, दोन दिवसांनी शेजारी, मग पोह्याकडे, मग लाखेकडे. भाऊ वही उघडून माझ्या टेबलाशी बसला. कुठं कधी गेलो होतो, त्या तारखांवरून बोट फिरवत होता. बोट थांबलं. खिशातला पेनड्राइव्ह काढून त्यानं विंचू ठेवावा तसा टेबलावर ठेवला. तो एकच पेनड्राइव्ह चारही ठिकाणी लावायचा, अन् तोही वायरस शोधायला!

"काकू, मीच घेऊन फिरून राहिलो."

"कायले सांगता मंग? चूप राहा ना," मी म्हटलं. मला त्याच्या दोन शाळकरी मुली दिसत होत्या.

"सांगतलं तर दारं बंद. नाही सांगतलं तर उद्या त्याच दारातून मीच पुन्हा जाईन."

सांगितलंच त्यानं. तिघांनी फाटक बंद केलं. आमच्या सेठनं ठेवून घेतलं, पण काट्यामागच्या खोलीत, आणि दुसऱ्या कुठल्या कारखान्यात पाय ठेवायचा नाही या अटीवर. चार फाटकं फिरणारा माणूस तो! खिडकीवर कोंड्याचा एवढा थर की उजेड पिवळा दिसायचा. मी चहा घेऊन गेले की म्हणायचा, "इथं धोका नाही, काकू. हवाच नाही येऊन राहिली, तं वायरस कुठून येईल?"

सेठला मी मनातल्या मनात किती शिव्या घातल्या म्हणून सांगू!

सात-आठ वर्षं त्यानं तिथंच काढली. मग छातीच्या दुखण्यानं गेला. खोली आवरताना वही माझ्या हाती लागली. चार पानं, चार टिकल्या. पाचव्या पानावर त्याचं स्वतःचं नाव आणि लाल टिकली. खाली त्याच्याच अक्षरात उपाय: 'एका जागी ठेवावे. बाहेर सोडू नये.'

तारीख पाहिली. माझ्या टेबलाशी बसला होता, तोच दिवस. सेठला काही कळायच्या आधीचा.

टिकलीचा गोंद सुकून ती अर्धी सुटली होती. उरलेली मी नखानं काढून टाकली.